संगणकाचा ऑडिओ ड्रायव्हर आणि घाटकोपरचे कान

संगणकावर गाणे लावले की फाइल आणि स्पीकर यांच्या मधे एक छोटे सॉफ्टवेअर कामाला लागते. त्याला ऑडिओ ड्रायव्हर म्हणतात. फायलीतले आकडे साउंड कार्डापर्यंत वेळेवर पोचवणे, एवढेच त्याचे काम. हे काम सुरळीत चालू असते तोवर ड्रायव्हरचे नाव घरात कुणाला ठाऊक नसते. मग चाळिशीनंतर कधीतरी घरातल्या कर्त्या पुरुषाला साक्षात्कार होतो, की आपल्या संगणकावर मालकंस जरा कोरडा वाजतो. दोष गायकाचा असणे शक्य नाही, स्पीकर बदलायला पैसे पडतात, आणि स्वतःच्या कानांवर संशय घेण्याइतके वय झालेले नाही. उरतो ड्रायव्हर. तो दिसत नाही, उलट उत्तर देत नाही आणि फुकट बदलता येतो. साथीचा तबलजी सोडला तर संगीताच्या व्यवहारात इतका सोयीचा आरोपी दुसरा सापडणार नाही.

या आरोपात तथ्य किती, हे पाहायचे तर आधी आकड्यांकडे वळावे लागते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली सीडीचे प्रमाण ठरवले आणि १९८२ साली सीडी बाजारात आली. दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहायचा, असे ते प्रमाण. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि कुठलीही कंपनसंख्या पकडायला तिच्या दुपटीहून अधिक नमुने लागतात, म्हणून ४० हजारांच्या पुढचा आकडा हवा होता. नेमका ४४,१०० घेतला, कारण त्या काळी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. युरोपी पद्धतीत सेकंदाला ५० वेळा २९४ ओळी आणि ओळीत ३ नमुने. अमेरिकी आणि जपानी पद्धतीत ६० वेळा २४५ ओळी आणि ओळीत तेच ३ नमुने. दोन्हीकडे गुणाकार ४४,१०० येतो. ज्या आकड्याच्या पावित्र्यासाठी आज रसिक एकमेकांशी अबोला धरतात, तो आकडा टीव्हीच्या पडद्यावरून आलेला आहे.

ड्रायव्हरच्या हाती हे आकडे बंद पुडीत येतात. आंगडिया म्हणजे काय, हे मुंबईच्या घाटकोपरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. हा खासगी कुरिअर मुंबईत घेतलेली हिऱ्यांची पुडी सुरतेत जशीच्या तशी देतो. पुडी कुठल्या गाडीने गेली यावरून आतल्या हिऱ्याचे पाणी बदलत नाही. ड्रायव्हरचा धर्म तोच. प्रत्येक आकडा न बदलता साउंड कार्डाला मिळाला, तर दोन ड्रायव्हरांच्या आवाजात फरक असायला जागाच उरत नाही. आकडे उबदार किंवा कोरडे होऊन पोचत नाहीत; ते बरोबर पोचतात किंवा चुकीचे पोचतात. फरक पडायचा तर वाटेत कुणीतरी पुडी फोडलेली असली पाहिजे. ती कोण फोडतो, कशासाठी फोडतो आणि फोडल्याचे कानाला कळते का, एवढाच या विषयाचा विस्तार आहे.

विंडोजमध्ये आकडे पोचवायच्या वाटा पुष्कळ झाल्या, कारण प्रत्येक दशकाने आपली एक वाट काढली आणि आधीची बुजवली नाही. १९९१ साली एमएमई आली, १९९५ साली डायरेक्टसाउंड, १९९७ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीची एएसआयओ आणि २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर घरोघरी पोचलेली वासापी. लिनक्सवाल्यांनी अल्सा, पल्सऑडिओ आणि पाइपवायर अशी आपली वेगळी वंशावळ सांभाळली. मॅकवाल्यांना कोअर ऑडिओ ही एकच वाट मिळाली. निवडीला वाव नसल्यामुळे त्यांना आपला असंतोष केबलींवर काढावा लागतो. गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ही सगळी नावे एकाखाली एक दिसतात. चार नावे एका यादीत दिसली की त्यांतले एक चांगले आणि तीन वाईट असणार, अशी माणसाची समजूत होते. हॉटेलच्या मेन्यूकार्डाने लावलेली ही सवय आहे.

पुडी फोडणारा पहिला इसम म्हणजे विंडोजचा मिसळणारा विभाग. संगणकावर एकाच वेळी गाणे चालू असते, मेल आल्याची घंटा वाजते आणि ब्राउझरच्या सतराव्या टॅबमधली जाहिरात आपोआप बोलू लागते. स्पीकरची जोडी मात्र एकच. म्हणून सगळ्यांचे आकडे एकत्र करावे लागतात, आणि एकत्र करायचे तर सगळ्यांचा वेग एक लागतो. हा वेग बहुतेक संगणकांवर ४८,००० असतो. मग सीडीच्या ४४,१०० चे ४८,००० करायचे, म्हणजे दर १४७ नमुन्यांच्या जागी हिशेबाने १६० नमुने मांडायचे. हे गणित नीट केले तर त्यातली चूक कानाच्या आवाक्याबाहेर राहते. घाईघाईने केले तर वरच्या सुरांत बारीक खरखर येते.

नव्वदीच्या अखेरीस ते घाईघाईने होत असे, ही गोष्ट खरी आहे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड १९९८ साली आले. ते आत शिरणारा प्रत्येक सूर ४८,००० वर नेऊन बसवी, आणि त्या रूपांतरावरून त्याने बरेच शिव्याशाप खाल्ले. मदरबोर्डवरच बसवलेल्या एसी ९७ जातीच्या अनेक चिपांना तर ४८,००० खेरीज दुसरे काही येतच नव्हते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी ‘असेंबल’ केलेल्या त्या काळच्या संगणकांत यांतलेच काहीतरी असायचे. ज्याला तेव्हा फरक ऐकू आला, त्याला तो खरोखर ऐकू आला असण्याचा संभव आहे. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, गणित सुधारले आणि व्हिस्टापासून मिसळण्याचे काम ३२ बिटांच्या अपूर्णांकांत होऊ लागले. तक्रार मात्र वडिलोपार्जित मिळकतीसारखी पुढच्या पिढीकडे आली.

वासापीला दोन रूपे आहेत. सामाईक रूपात गाणे इतर आवाजांबरोबर मिसळून जाते. एकाधिकाराच्या रूपात गाणे साउंड कार्डाचा ताबा घेते, बाकीचे सगळे प्रोग्राम मुके होतात आणि पुडी न फोडता पोचते. या दुसऱ्या रूपात संगीत अधिक ‘खुलते’, असे जाणकार सांगतात. त्या वेळी नेमके काय होते हे पाहण्यासारखे आहे. व्हॉट्सॲपची टिंग येत नाही, ऑफिसच्या मेलची घंटा वाजत नाही आणि बँकेच्या संकेतस्थळावरची बाई बोलत नाही. चाळीस मिनिटे कुणीही न बोलावता माणूस यमन ऐकत बसला, तर यमन खुलणारच. हा फायदा खरा आहे. फक्त तो आकड्यांचा नाही.

एएसआयओचा मान सगळ्यांत मोठा, कारण ती ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतून आली आहे. तिचा जन्म मात्र दर्जासाठी झाला नाही, उशीर टाळण्यासाठी झाला. गायक हेडफोन लावून गातो तेव्हा त्याचा आवाज संगणकात जाऊन परत त्याच्या कानात यायला जुन्या वाटेने सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ लागे, आणि गायकाची लय सुटे. एएसआयओने २५६ नमुन्यांची छोटी खेप करून हा उशीर एका दिशेला सुमारे ६ मिलिसेकंदांवर आणला. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ६ मिलिसेकंदांत दोन मीटर. बैठकीत तबलजी गायकापासून दोन मीटरवर बसला तर त्याच्या ठेक्याला इतकाच उशीर होतो आणि त्याबद्दल कुणी ड्रायव्हर बदलत नाही. नुसते ऐकणाऱ्याला या घाईचा उपयोग शून्य. १९६० साली गायलेली ठुमरी बटण दाबल्यावर सहा मिलिसेकंदांनी सुरू झाली काय किंवा शंभर मिलिसेकंदांनी सुरू झाली काय, ठुमरीची काही हरकत नसते.

तरीही एएसआयओ हवीच, अशा श्रोत्यांसाठी एएसआयओ फॉर ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर मिळतो. तो साध्या साउंड कार्डावरही चालतो, कारण आतून तो विंडोजच्याच जुन्या वाटेने आकडे पाठवतो आणि बाहेर एएसआयओची पाटी लावतो. पाटी बघून तानपुरा मोकळा झाल्याचे सांगणारे श्रोते आहेत. पाटीचा हा परिणाम फुकटात मिळतो, ही त्यातली जमेची बाजू.

इथवर फरक नसल्याचे सांगून झाले. आता जिथे फरक पडतो, आणि चांगला कानठळ्या बसवणारा पडतो, तिकडे वळले पाहिजे. ड्रायव्हरबरोबर पुष्कळदा एक सजावटीचे दुकानही येते. तैवानच्या रिअलटेक कंपनीच्या चिपा जगभरच्या मदरबोर्डांवर आहेत. खेकड्याचे चित्र हे तिचे चिन्ह. तिच्या ड्रायव्हरसोबत वर्षानुवर्षे एक खिडकी यायची आणि त्या खिडकीत ‘वातावरण’ निवडायची यादी असायची. गाणे कुठे वाजल्यासारखे वाटावे, ते श्रोत्याने ठरवायचे. यादीत न्हाणीघर होते, दगडी खोली होती, गुहा होती, विमानाचा हँगर होता, वाहनतळ होता, पाण्याखालचा मुक्काम होता आणि सांडपाण्याचा पाइपही होता. सांडपाण्याच्या पाइपात बसून किराणा घराण्याची गायकी ऐकण्याची इच्छा कोणत्या मानवसमूहाला झाली होती, याची नोंद कुठे आढळत नाही. मूळ सोय व्हिडिओ गेमसाठी होती. पण घरातल्या शाळकरी मुलाने सहज म्हणून ‘न्हाणीघर’ निवडून ठेवावे आणि वडिलांनी पुढले सहा महिने ड्रायव्हर, केबल आणि स्पीकर या क्रमाने खर्च करत जावे, असे प्रकार या खिडकीमुळे घडू शकत होते. यादीत ‘शहर’ असाही एक पर्याय होता. घाटकोपरात तो निवडण्याची गरज नसते. तो खिडकी उघडली की लागू होतो.

लॅपटॉपची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे स्पीकर बोटाच्या पेराएवढे. त्यांतून खर्ज निघणे भौतिकशास्त्राला मंजूर नाही, म्हणून कंपनी ड्रायव्हरमध्येच फेरफार करून ठेवते: अमुक सूर वाढव, तमुक दाब, हलका आवाज मोठा कर. अशा लॅपटॉपवर कुणी ‘शुद्ध’ ड्रायव्हर चढवला की हे ठिगळ निघून जाते आणि आतले स्पीकर आपल्या खऱ्या औकातीवर येतात. आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. इथे ड्रायव्हर बदलल्याने आवाज बदलला, हे शंभर टक्के सत्य आहे. मात्र शुद्धीकरणाने आवाज बिघडला, हे कबूल करायला शुद्धतावादी तयार होत नाहीत. ते म्हणतात, कानाला सवय व्हायला वेळ लागतो.

संगीताची सर्वांत मोठी पडझड ब्लूटूथ हेडफोनवर होते आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. हेडफोनला माइक असतो. नुसते गाणे चालू असताना हेडफोन संगीताच्या तंत्राने चालतो. ऑफिसची मीटिंग सुरू होऊन माइक उघडला, की बऱ्याच संगणकांवर तो टेलिफोनच्या तंत्रावर उतरतो. तिथे नमुने सेकंदाला १६,००० आणि जुन्या पद्धतीत अवघे ८,०००. म्हणजे सूर ८,००० किंवा ४,००० हर्ट्झच्या आत कोंबले जातात. मीटिंग संपली तरी तिचा प्रोग्राम कधी कधी माइक सोडत नाही आणि मागचे भजन ट्रंक कॉलवरून आल्यासारखे वाजत राहते. श्रोता मात्र त्या अवस्थेतही २४ बिट बरे की १६ बिट, याचा विचार करत असतो.

ड्रायव्हर खरोखर चुकतो तेव्हा काय होते, याचे दोन ठळक नमुने आहेत. पहिला वेगाचा. ४४,१०० वेगाची फाइल कार्डाने ४८,००० समजून वाजवली, तर सूर दीड अर्धस्वराच्या आसपास वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा बुवा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध, पेटीवर पट्टीच नाही अशा जागी जाऊन पोचतो आणि तासाभराचा राग ५५ मिनिटांत आटोपतो. दुसरा नमुना टिकटिकीचा. आकड्यांची खेप वेळेवर पोचली नाही की मधे भगदाड पडते आणि स्पीकर टक्कन वाजतो. पुष्कळदा गुन्हेगार ऑडिओचा ड्रायव्हर नसतोच; वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून बसलेला असतो. यावर उपाय खेप मोठी करणे. म्हणजे ज्या छोट्या खेपेसाठी एएसआयओ बसवली, तीच टिकटिकीला कारण ठरू शकते. या दोन्ही दोषांत एक गुण समान आहे: ते ओळखायला घराणेदार कान लागत नाही. घरकामाला आलेल्या मावशीसुद्धा विचारतात, “दादा, हे असं काय वाजतंय?”

दोन वाटांनी येणारे आकडे सारखे आहेत का, हे तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही वाटांनी निघालेले आकडे डिजिटल स्वरूपात टिपायचे, एक संच उलटा करायचा, म्हणजे अधिकचे उणे, आणि दोन्हींची बेरीज करायची. आकडे तंतोतंत सारखे असतील तर बेरीज शून्य येते आणि पूर्ण शांतता ऐकू येते. ही शांतता ऐकूनही “पण पहिल्यात जरा जास्त खोली होती,” असे म्हणणारा श्रोता भेटतो. त्याच्यासाठी दुसरी चाचणी आहे: कोणता ड्रायव्हर चालू आहे हे न सांगता ओळखायला लावणे. फूबार २००० या प्रोग्रामला जोडायचे एक साधनच फायलींच्या अशा तुलनेसाठी मिळते. ड्रायव्हरांसाठी घरातले एखादे माणूस पुरते. दहा वेळांपैकी नऊ किंवा दहा वेळा निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे साधारण एक टक्का. तेव्हा दहात नऊ आले तर कान मानावेत.

घाटकोपरच्या पंतनगरातल्या एखाद्या घरात ही चाचणी साधारण अशी पार पडते. वडील भिंतीकडे तोंड करून बसतात. सोमय्या कॉलेजात शिकणारी मुलगी माउसवर.

“बाबा, हा ए. आता हा बी. कोणता चांगला?”

“बी. अर्थातच बी. बीमध्ये तानपुरा कसा मोकळा सुटलाय. ए जरा कोंदट आहे.”

“बाबा, दोन्ही वेळा तोच लावला होता.”

वडील क्षणभर विचार करतात. “हां. म्हणजे दुसऱ्यांदा तो तापला असणार.”

स्वयंपाकघरातून विचारणा होते, “अहो, गाणं लावताय की नुसती सुरुवातच लावताय? गेला अर्धा तास आलापच चाललाय.”

मोठ्या प्रमाणावरच्या चाचणीचे फळही याहून वेगळे नाही. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान या दोन अमेरिकनांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. अधिक दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचे, आणि तेच सीडीच्या १६ बिट-४४,१०० च्या गाळणीतून काढून ऐकवायचे, ओळखा. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर आले, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवून बसले असते तरी एवढेच आले असते. फॉरमॅटमधला खराखुरा फरक जिथे ओळखू येत नाही, तिथे आकडे न बदलणारे दोन ड्रायव्हर ओळखणे म्हणजे एकाच दुकानाच्या दोन पावत्यांतली चव सांगणे आहे.

मग इतक्या प्रामाणिक माणसांना फरक वाटतो कसा? पहिले कारण आवाजाची पातळी. दोन वाटांत डेसिबलच्या काही दशांशांचा फरक असला तरी कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘चांगला’ म्हणतो. म्हणून तुलनेआधी दोन्ही पातळ्या ०.१ डेसिबलपर्यंत जुळवायची पद्धत आहे. दुसरे कारण श्रम. ज्या ड्रायव्हरसाठी रात्री दीडपर्यंत जागून संगणक चार वेळा रीस्टार्ट केला, तो आधीसारखाच वाजला असे म्हणणे मनुष्यस्वभावाला झेपत नाही.

आता राहिली खोली. गाणे आकड्यांत संपत नाही, ते घाटकोपरच्या हवेतून कानाशी येते. १६ बिटांच्या ध्वनीत सर्वांत मोठा आवाज आणि तळाची खरखर यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर असते. घरात गाणे ८५ डेसिबलपर्यंत चढवले तर ती खरखर उणे ११ डेसिबलवर येते, म्हणजे ऐकू येण्याच्या किमान मर्यादेच्याही खाली. त्याच खोलीत फिरणारा छताचा पंखा सहज ४५ डेसिबलचा आवाज करतो. या दोहोंत ५६ डेसिबलचे अंतर, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात पंखा सुमारे चार लाखपट. चार लाखांचे देणे बाजूला ठेवून एक रुपयाचा हिशेब जुळवण्याचा हा उद्योग पंख्याखाली बसूनच होतो, कारण मे महिन्यात पंखा बंद करण्याइतका संगीताचा भक्त अजून जन्माला यायचा आहे.

पंखा हा घरातला झाला. बाहेरचे वाद्यवृंद वेगळे. विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने घाटकोपरवरून जातात आणि भिंतीवरची चित्रे थरथरवतात. ८ जून २०१४ पासून वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो चालू झाली, ती उंचावरून जात असल्यामुळे तिसऱ्या मजल्याच्या रहिवाशांना घरबसल्या आवाज मिळतो. खाली मध्य रेल्वे आधीपासून होतीच. पंतनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू असल्याने ज्यांना खर्ज कमी पडतो त्यांची सोय खडक फोडणारे यंत्र करते. नवरात्रात गरब्याचे ढोल कुठल्याही स्पीकरला मागे टाकतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मुभा आहे. सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री दहाची वेळ बारापर्यंत वाढवून देऊ शकते. नियम कागदावर शांत आहेत. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत काही सिग्नलांवर डेसिबल मोजणारी यंत्रे जोडल्याची मोहीम जाहीर केली होती: हॉर्नचा गोंगाट ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. संगीताच्या दर्जासाठी एखाद्या सरकारी खात्याने केलेला हा सर्वांत थेट प्रयत्न म्हणावा लागेल, जरी खात्याचा तसा हेतू नव्हता.

खोलीनंतर मूळ गाणे. ज्या ध्वनिमुद्रणासाठी ही सगळी शुद्धता चालते ते स्वतः किती शुद्ध आहे, हे विचारलेले श्रोत्यांना आवडत नाही. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर चालले, छप्पन्न गीते. लोक ते मध्यम लहरींवर ऐकत, म्हणजे साधारण ५,००० हर्ट्झच्या आत. घरोघर रेडिओला हार घातल्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, वरचे १५,००० हर्ट्झ न मिळाल्याची तक्रार कुणाच्या आठवणीत नाही. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत नाट्यपद तीन-साडेतीन मिनिटांत उरकावे लागे आणि सुईची खरखर पदाबरोबर फुकट मिळे. नंतर आल्या एमपी थ्री. १२८ केबीपीएसवर पाच मिनिटांचे गाणे ४.८ मेगाबाइटांत बसते, म्हणून ७०० मेगाबाइटांच्या एका सीडीवर जवळजवळ दीडशे गाणी कोंबता येत. मूळ सीडीचा प्रवाह १,४११ केबीपीएस, म्हणजे अकरा भागांतले दहा भाग टाकून दिलेले. स्टेशनच्या पुलाखाली घेतलेल्या अशा सीडीवरची गाणी संगणकात चढवून ती आता एकाधिकाराच्या वाटेने, पुडी न फोडता, कार्डापर्यंत नेली जातात. पुडी शाबूत आहे. आत काय आहे ते विचारू नये.

शेवटी कान. वयाबरोबर वरचे सूर ऐकू येणे कमी होत जाते; पन्नाशीपुढे बहुतेकांना १२ ते १४ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. महागडी यंत्रे घेण्याइतका पैसा त्याच वयात हाती येतो. घरात २० हजार हर्ट्झ ऐकू येतात ते शाळकरी मुलाला, आणि तो मोबाइलच्या स्पीकरवर रील्स ऐकत असतो.

ऐकू येणारे काही दोष ड्रायव्हरच्या नावावर खपतात पण असतात विजेचे. स्पीकरमधून येणारी सततची घूं ५० हर्ट्झची असते. तीन पिनांचा प्लग तिसरी पिन काढून दोन पिनांच्या बोर्डात खुपसला, किंवा टीव्ही, संगणक आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर जोडले, की ती येते. माउस हलवल्यावर हेडफोनमध्ये चीं चीं होते ती संगणकाच्या आतल्या विजेची. पहिलीवर वायरमन, दुसरीवर बाहेर बसवायचे हजार-दोन हजारांचे यूएसबी साउंड कार्ड, हे उपाय आहेत. ड्रायव्हर बदलून वीज सुधारत नाही.

तेव्हा ज्याला संगणकावर नीट गाणे ऐकायचे आहे त्याने पुढील क्रम पाळावा. गाण्याची बरी प्रत मिळवावी. आवाजाच्या सेटिंगमधल्या सगळ्या ‘सुधारणा’ बंद कराव्यात, लॅपटॉपचे आतले स्पीकर असतील तर मात्र राहू द्याव्यात. वेग फायलीशी जुळवावा. मीटिंग संपल्यावर माइक बंद झाल्याची खात्री करावी. स्पीकर भिंतीपासून आणि एकमेकांपासून थोडे लांब, कानांच्या उंचीवर ठेवावेत. याने पडणारा फरक कुठल्याही ड्रायव्हरपेक्षा मोठा असतो आणि त्याला रीस्टार्ट लागत नाही. खिडकी लावावी. कंपनीने दिलेला, चालू स्थितीतला ड्रायव्हर जसा आहे तसा राहू द्यावा. बिघडलेला ड्रायव्हर घरातल्या सगळ्यांना ऐकू येतो. जो फरक ऐकायला डोळे मिटून मान तिरकी करावी लागते, तो ड्रायव्हरचा नसतो.